नऊ आणि दहाच्या मधली रेघ

"सर, ये नौ और दस के बीच की लाइन आपने कहाँ से ली?"

क्षमाने हे इतक्या सहज विचारलं की देवीदास बोरकरने आधी नुसतीच मान हलवली, आणि मग त्याच्या लक्षात आलं की या प्रश्नाला मान हलवून भागणार नाही. गणित विभागाच्या खोलीत दोघंच होते. टेबलावर तिचा लॅपटॉप, वहीतून फाडलेले कागद आणि त्याच्याच अहवालातला तो नकाशा, रायपूरच्या उत्तरेकडच्या सतरा वस्त्यांचा: सतरा ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. क्षमाचं बोट नऊ आणि दहा या ठिपक्यांच्या मधोमध टेकलेलं होतं. नखावरचा जांभळा रंग अर्धा उडाला होता, आणि देवीदास त्या उडालेल्या रंगाकडे पाहत राहिला, कारण मान वर केली असती तर तिचे डोळे दिसले असते. "पुराना रास्ता होगा," तो म्हणाला. "सर्वे के नक़्शे में रहा होगा." आवाज ठीक आला. वर्गात उत्तर चुकलेल्या मुलाला सांभाळून घेताना येतो तसाच. त्याला वाटलं, आपला आवाज आपल्याआधी खोटं बोलायला शिकला असावा.

क्षमाचे आजोबा अकोल्याकडून रेल्वेच्या नोकरीत आलेले. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. पीएचडीचा विषय तिला त्यानेच सुचवला होता. ठिपके आणि रेघा घ्यायच्या, आणि त्यातले काही ठिपके असे निवडायचे की निवडीबाहेर राहिलेल्या प्रत्येक ठिपक्याला निवडलेला एक तरी शेजारी असेल. पुस्तकात त्याला डॉमिनेटिंग सेट म्हणतात, पण देवीदासला तो शब्द कधी आवडला नाही. त्यात कुणीतरी कुणाच्या तरी डोक्यावर बसल्यासारखं वाटतं. तो मनात राखण म्हणायचा. दोन घरं आहेत, मधे वाट आहे. दिवा या घरात ठेवा, त्या घरात ठेवा, नाहीतर दोन्हीकडे ठेवा, उजेड दोघांनाही. अशा निवडी तीन, त्यांतले दिवे एकूण चार, म्हणून सरासरी एक पूर्णांक एक तृतीयांश. सगळे लोक कमीत कमी किती दिव्यांत भागेल तेवढंच विचारतात. क्षमाचं काम त्यापुढचं होतं: चालतील अशा सगळ्या निवडी घेतल्या तर त्यांचा सरासरी आकार किती? आणि एकही ठिपका एकटा पडलेला नसेल तर ही सरासरी एकूण ठिपक्यांच्या दोन तृतीयांशांच्या वर जात नाही, हे अलीकडेच कुणीतरी सिद्ध केलं होतं. एकटा ठिपका असला की मात्र गोष्ट वेगळी. त्याला शेजारी नाही, त्याची राखण दुसरा कुणी करू शकत नाही. म्हणून प्रत्येक निवडीत त्याला घ्यावंच लागतं.

"मैं परसों वहाँ गई थी सर," क्षमा म्हणाली. प्रबंधात खऱ्या जागेचं एक उदाहरण असावं म्हणून ती फोटो काढायला गेली होती. "नौ नंबर, चाबीपारा. वहाँ से दस की तरफ़ कोई रास्ता नहीं है. गोदाम की दीवार है. इतनी ऊँची. तीन साल से है, लोग बोल रहे थे." मग तिने सांगितलं की ती रेघ काढून तिने गणित पुन्हा केलं. सरासरी नऊ पूर्णांक एकाहत्तर शतांश होती, ती नऊ पूर्णांक चौऱ्याण्णव झाली. कमीत कमी आकडा पाचाचा सहा झाला. "औसत में तो ज़रा सा फ़र्क़ है. पर सर, वहाँ एक बुज़ुर्ग थे, लहानू करके. पिछले अगस्त में उनकी साँस उखड़ी. गाड़ी आई, पर दीवार के उस तरफ़ आई. नक़्शे में रास्ता था न." ती थांबली. आपण सरांना दोष देतोय असं वाटू नये म्हणून तिने नजर लॅपटॉपवर वळवली, आणि तिचं ते नजर वळवणं देवीदासला सगळ्यात जास्त लागलं.

ती गेल्यावरही तो तसाच बसून राहिला. लहानू हे नाव तिने किती परकेपणाने उच्चारलं होतं. करके. जणू त्या नावाचा एक माणूस कुठेतरी होता, एवढंच. देवीदास त्या माणसाच्या खांद्यावर बसून रुळाच्या कडेने शाळेपर्यंत गेला होता. लहानूकाका आणि देवीदासचा बाप गुलाबराव, दोघंही रेल्वेत चाबीवाले. रोज आपल्या वाट्याचा लोहमार्ग पायी चालायचा, रूळ जागेवर धरणाऱ्या चाव्या सैल झाल्या की हातोड्याने ठोकायच्या, परत फिरायचं. चाबीवाल्यांची घरं म्हणून तो चाबीपारा; पारा म्हणजे इकडे मोहल्ला. एका बाजूला रूळ, एका बाजूला नाला, आणि तिसऱ्या बाजूला दोन गोदामांच्या मधून जाणारी ती बोळवजा वाट, जिथून दहा नंबरच्या पाऱ्यातल्या डांबरी रस्त्याला लागता यायचं. त्या वाटेवर धान्याच्या कोंड्याचा वास असायचा, आणि पहिलीत असताना लहानूकाकाने त्याला तिथेच थांबवून शिकवलं होतं की रुळाखालचे स्लीपर मोजताना ओठ हलवायचे नाहीत, ओठ हलले की आकडा सांडतो. गणिताचा प्राध्यापक झाल्यावरही तो कधी ओठ हलवत नसे.

चाबीपाऱ्यातून तो बाहेर पडला त्याला तीस वर्षं झाली. समता कॉलोनीत घर घेतलं, दारावर डी. जी. बोरकर अशी पाटी लावली. बोरकर हे आडनाव बरं होतं, त्यावरून काही ठरत नसे. मंडळाच्या गणेशोत्सवात वर्गणी देताना, हळदीकुंकवाला बायकोला बोलावणी येताना, लोकांनी आपापल्या मनाने काहीतरी ठरवून घेतलं होतं आणि त्याने ते खोडलं नव्हतं. तो खोटं कधी बोलला नाही, फक्त कुणी विचारलं नाही तिथे बोलला नाही. पाऱ्यातल्या कुणाचा फोन आला की तो बाल्कनीत जाऊन जयभीम म्हणायचा, हळू, आणि दार ओढून घ्यायचा. बायको एकदा म्हणाली होती, "बाहेर जाऊन काहून बोलता? मी काय परकी हो?" ती जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी पिंकी पुण्यात शिकायला. आता घरात तो आणि बाप, दोघंच. आणि तरी फोन वाजला की त्याचे पाय बाल्कनीकडे वळत.

नवा रायपूरच्या त्या बैठकीत तो असाच बोलला नव्हता. नवीन राजधानीतले ते रुंद, रिकामे रस्ते, काचेची इमारत, आणि अकराव्या खुर्चीवर तो, गणिताचा जाणकार म्हणून बोलावलेला. उत्तरेकडच्या वस्त्यांत आरोग्य चौक्या बसवायच्या होत्या. चौकी म्हणजे एक खोली, एक नर्स, ऑक्सिजनचं सिलिंडर आणि एक गाडी. प्रत्येक वस्तीत चौकी नको, पण दहा मिनिटांत गाडी पोचेल एवढ्या शेजारात तरी हवी. अभिनव नावाचा तरुण अधिकारी, स्वभावाने चांगला, काम लवकर हातावेगळं व्हावं एवढीच त्याची इच्छा. "सर, पाँच में बैठ जाए तो आज ही फ़ाइल चली जाएगी," तो म्हणाला. देवीदासचा आकडा सहा येत होता, तो नऊ नंबरमुळे. अभिनवने नकाशा जवळ ओढला. "ये नौ से दस, पास ही तो दिख रहा है. रास्ता होगा ही. आप में से कोई गया है उधर?" खोलीत कुणी बोललं नाही. देवीदासला ती शांतता अजून आठवत होती, एसीचा आवाज, कुणाच्या तरी बिस्किटाचा कागद. भिंत घातल्याचं बापाने त्याला दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, मी गेलोय, मी तिथलाच आहे. दोन वाक्यं. पहिलं वाक्य म्हटलं असतं तर दुसरं कुणीतरी विचारून काढून घेतलं असतं: तुम्ही तिकडे कसे? आणि त्या दहा जणांचे चेहरे किंचित, अगदी किंचित, बदलले असते. कदाचित बदललेही नसते. हे त्याला पुढे पुन्हा पुन्हा वाटलं, की कदाचित कुणाला काहीच वाटलं नसतं. त्याने पेन्सिल घेतली आणि नऊपासून दहापर्यंत रेघ ओढली. रेघ सरळ आली. पाच झाले. अभिनव म्हणाला, "ग्रेट सर."

ऑगस्टमधे भर दुपारी तीन वाजता लहानूकाकाचा दम उखडला. दहा नंबरच्या चौकीतून गाडी निघाली आणि आठ मिनिटांत पोचली, भिंतीपलीकडे. या बाजूला लहानूकाकाची बायको सुशीलाकाकी आणि पाऱ्यातली माणसं, त्या बाजूला ड्रायव्हर आणि नर्स; दोन्हीकडचे आवाज एकमेकांना ऐकू येत होते. कुणीतरी शिडी आणली. लहानूकाकाला खुर्चीला बांधून वर चढवायला गेले, पण भिंतीवर काचा होत्या. मग त्याला खाटेवर घालून रुळाच्या कडेने, पुलाखालच्या चिखलातून, चार किलोमीटर फिरून नेलं. गाडीही फिरून तिकडे गेली. ऑक्सिजन लावेपर्यंत चाळीस मिनिटं झाली होती, आणि लावल्यानंतर तो फार वेळ राहिला नाही. पुढे आरोग्य विभागाच्या तक्त्यात देवीदासने ती नोंद स्वतः पाहिली: वस्ती क्रमांक नऊ, गाडी पोचण्याचा वेळ आठ मिनिटं, समाधानकारक. त्याने तो तक्ता तपासून त्याखाली सही केली होती.

लहानूकाकासाठी विहारात झालेल्या कार्यक्रमाला बाप एकटाच गेला. देवीदासने परीक्षेचं काम काढलं. आणि त्यानंतर जेवायला बसलं की गुलाबराव हटकून तोच विषय काढायचा. भाकरी मोडता मोडता, कुणाला उद्देशून नाही असं. "कोन्या बेअकलीनं थ्या भिंतीतून रस्ता दाखवला असन?" देवीदास भाजी वाढून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. "कागदावर रस्ता काढाले काय लागते म्हना." देवीदास पाणी प्यायचा. पाच महिने. तो प्रत्येक घास गिळत होता आणि त्याला वाटत होतं की आपण सापडलो नाही.

क्षमाने विचारल्याच्या तिसऱ्या दिवशी तो नवा रायपूरला गेला. रात्रंदिवस मनाशी जुळवलेली वाक्यं त्याने अभिनवसमोर ठेवली तेव्हा ती फारच छोटी निघाली. नऊ ते दहा रस्ता नाही, भिंत आहे. चाबीपाऱ्यात स्वतंत्र चौकी लागेल. अभिनवने संगणकावर काहीतरी उघडलं, मान डोलावली. "हो जाएगा सर. एक चौकी तो वैसे भी रिज़र्व में थी." त्याला चार मिनिटंही लागली नसतील. सहावी चौकी त्या दिवशीही होती. कुणी अडवलीच नव्हती. "पर सर, आपको पता कैसे चला?" अभिनवने विचारलं, आणि देवीदासने पुन्हा तोंड उघडलं, आणि त्याच्या तोंडून आलं, "मेरी एक छात्रा वहाँ गई थी." अभिनव म्हणाला, "ठीक है, हम इसे सर्वे की त्रुटि लिख देंगे. ऐसा होता रहता है." देवीदासला बरं वाटलं. खरोखर, शरीराला बरं वाटलं, घामावर वारा लागावा तसं. परतीच्या बसमधे त्या बरं वाटण्याची त्याला इतकी लाज वाटली की शेजारच्या माणसाने तब्येत विचारली.

घरी गुलाबराव बाल्कनीत उन्हात पाय टाकून बसला होता. ऐंशी वर्षांचा बाप, पण पायांच्या पोटऱ्या अजून चालणाऱ्या माणसाच्या. "बाबा," देवीदास म्हणाला, "पाऱ्यात चौकी होऊन राहिली. मंजूर झाली." कितीतरी वर्षांनी त्याच्या तोंडून अशी भाषा आली होती.

"बरं झालं," बाप म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "कशी काय?"

"सर्व्हेत चूक होती म्हणे."

खाली भाजीवाला ओरडत गेला. देवीदासला वाटलं आता विषय संपला, उठावं, चहा टाकावा. पण त्याचे पाय उठले नाहीत. "चूक नव्हती," तो म्हणाला. "ती रेघ मी काढली. मला भिंत माहीत होती. तिथे विचारलं होतं कुणी गेलंय का, आणि मी बोललो नाही. मी तिथला आहे हे सांगावं लागलं असतं."

"माहीत हाय मले."

देवीदासने वर पाहिलं.

"तुह्या टेबलावर पडला होता कागद. मले वाचता येत नाही त्यातलं, पन रूळ कुठं, नाला कुठं, हे तर दिसते न. चाळीस वर्सं पायी चाललो थ्या जागी. नऊ नंबरले तू पेन्सिलीनं रस्ता काढला होता, बाकी सारं शाईचं." गुलाबरावने पाय आखडते घेतले. "मी पाच महिने जेवताना काहून बोलून राहिलो होतो? लहानू गेला हे तुले सांगाले? तू कधी म्हनतं याची वाट पाहून राहिलो होतो. रोज वाटे, आज म्हनन. अन् तू आपला भाजी वाढून घेत राहे."

पाच महिन्यांतलं प्रत्येक जेवण त्याच्यासमोर नव्याने वाढलं गेलं, आणि प्रत्येक जेवणात बापाचे डोळे ताटावर नव्हते, त्याच्यावर होते. आपण सापडलो नाही असं वाटत होतं ते सगळे दिवस तो एका माणसासमोर उघडा बसला होता. "तुम्ही काही म्हणाला का नाही?" त्याने विचारलं.

"मी काय म्हनू? तुले या घराची लाज नाही वाटत, थ्या घराची वाटते. थे घर मीच तुले देल्लं होतं." बापाच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर देवीदासला काहीतरी धरायला मिळालं असतं. "मले सांगून काही होत नाही आता. सुशीलाले सांग. रविवारी जाऊ."

रविवारी दोघं पुलाखालून, रुळाच्या कडेने गेले. बाप पुढे, देवीदास मागे. बापाची पावलं आपोआप स्लीपरच्या अंतराने पडत होती. पाऱ्यात घरं पक्की झालेली, विहाराला निळा रंग नवा दिलेला. सुशीलाकाकी ओसरीवर लाखोळीची भाजी निवडत बसली होती. तिने गुलाबरावला जयभीम केला, मग देवीदासकडे पाहिलं आणि ओळखायला थोडा वेळ घेतला. "देव्या व्हय? बस." त्याने जयभीम म्हटलं. आवाज नको तेवढा मोठा आला. तो खाली जमिनीवरच बसला आणि सांगू लागला. मधे अडकला, हिंदीत गेला, पुन्हा परत आला. काकीचे हात चालूच होते, पानं एकीकडे, काड्या एकीकडे. नकाशाची गोष्ट आली तेव्हा हात चालू होते. भिंत आपल्याला माहीत होती हे त्याने सांगितलं तेव्हा ते थांबले.

"किती लोकं होते थ्या मीटिंगमंधी?"

"अकरा."

"अन् त्यातला आपला कोन होता?"

"मीच होतो, काकी."

तिने हातातली पानं सुपात टाकली. रडली नाही. ती रडेल, शिव्या देईल, तोंड फिरवेल, हे सगळं त्याने मनात करून पाहिलं होतं आणि त्या प्रत्येकासाठी त्याच्याजवळ काहीतरी उत्तर होतं. "ते शिडीवरून पडतीन म्हनून मी त्यायचे पाय धरून होती," ती म्हणाली. "भिंतीपलीकडून थे नर्सबाई म्हने, जरा और ऊपर, जरा और ऊपर." मग तिने सूप बाजूला केलं. "चौकी होईन न नक्की?"

"हो. मंजूर झाली."

"बरं." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "मले एकटीले सांगून काय होते रे? भिंतीपाशी सारा पारा उभा होता थ्या दिवशी. शिडी कोनाची, खाट कोनाची. चाल."

तिने विहाराच्या अंगणात जाऊन तीन-चार घरांना हाक दिली. माणसं आली, बायका पदर सावरत आल्या, पोरं आली. गुलाबराव पायरीवर बसला. देवीदास मधे उभा राहिला. तो कॉलेजात हजारो मुलांसमोर बोललेला होता, पण हातांचं काय करायचं ते इथे कळेना. त्याने सांगितलं. थोडक्यात सांगितलं, चौकी होणार यापासून सुरुवात केली, आणि रेघेची गोष्ट शेवटी, घाईने. शिडी ज्याची होती तो तुळशीराम मागून पुढे आला, म्हणाला, "मले ऐकू नाही आलं शेवटचं." काकी म्हणाली, "पुन्हा सांग." त्याने पुन्हा सांगितलं. या वेळी चौकीचं नाव काढलं नाही. एक म्हातारी उठून निघून गेली. एक तरुण पोरगा म्हणाला, "और हम लोग आपकी फ़ोटो दिखाते थे स्कूल में, कि यहाँ का लड़का प्रोफ़ेसर है." देवीदासने मान खाली घातली नाही, घालावीशी वाटत होती तरी.

तेवढ्यात रुळावरून गाडी गेली, लांब मालगाडी, आणि ती जाईपर्यंत सगळे तसेच थांबले. ती गेल्यावर नाल्याकडून दोन बायका आल्या, डोक्यावर लाकडं, काय झालं म्हणून विचारू लागल्या. सुशीलाकाकीने देवीदासकडे पाहिलं. त्याने बापाकडे पाहिलं, बाप रुळाकडे पाहत होता. त्या बायका त्याला ओळखत नव्हत्या. त्या त्याच्यानंतर इथे सून म्हणून आलेल्या असाव्यात. त्यांनी लाकडं खाली ठेवली आणि ऐकायला उभ्या राहिल्या.

"मी देवीदास," तो म्हणाला. "गुलाबराव चाबीवाल्याचा पोट्टा. इथंच, थ्या कोपऱ्यातल्या घरात जन्मलो." आणि मग तिसऱ्यांदा, पहिल्यापासून, सगळं सांगायला लागला.